मंद्र पंचमातली दुपार: ‘फ्लोरल शॉप’ ऐकताना

तापीकाठ

मंडळी, गेल्या तीन आठवड्यांत एकच अल्बम अकरा-बारा वेळा ऐकून झाला आणि माझं मत अजून एका जागी बसलेलं नाही. म्हणून हा धागा काढतोय. अल्बमचं नाव ‘फ्लोरल शॉप’, कलाकाराच्या जागी नाव आहे ‘मॅकिंटॉश प्लस’. डिसेंबर २०११ चा, म्हणजे नवा मुळीच नाही. पण व्हेपरवेव्ह या संगीतप्रकाराचा विषय निघाला की लोक पहिल्यांदा याचंच गुलाबी कव्हर दाखवतात: चौकटीची फरशी, हेलिओस या ग्रीक सूर्यदेवाचा पुतळा, शेजारी उंच इमारतींचं चित्र, वर जपानी अक्षरं. मॅकिंटॉश प्लस हा ॲपलचा १९८६ सालचा संगणक. ते नाव घेऊन हा अल्बम केला रमोना झेवियर या अमेरिकन मुलीने. व्हेक्ट्रॉइड या नावाने ती जास्त ओळखली जाते. अल्बम आला तेव्हा तिला विसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

ज्यांच्या कानावर हा प्रकार गेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऐंशीच्या दशकातली चकचकीत पॉप गाणी, दुकानात किंवा लिफ्टमध्ये वाजतं तसलं संगीत, असं काहीबाही घ्यायचं. संगणकावर त्याचा वेग उतरवायचा, तुकडे कापायचे, एकेक तुकडा फिरवत ठेवायचा, वरून इको. सांगायला एवढंच आहे. ऐकायला बसलं की मात्र खोलीतली हवा बदलते.

दुसरंच गाणं घ्या, ‘लिसा फ्रँक ४२०’. खाली आहे अमेरिकन गायिका डायना रॉसचं १९८४ चं ‘इट्स युवर मूव्ह’. मूळ गाणं उड्या मारणारं, नाचायचं. इथे तिचा आवाज इतका खाली गेलाय की तो बाईचा राहत नाही आणि पुरुषाचाही होत नाही. मूळ गाण्यात ती प्रियकराला म्हणते, तू जे घेणारच नाहीस ते तुला विकायचा नाद मी सोडला. तेच शब्द या वेगात ऐकले की वाटतं, संध्याकाळी शटर ओढायच्या आधी एखादं दुकानच हे बोलतंय आणि समोर गिऱ्हाईक कोणी नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर, टेप पाऊण वेगाने फिरवली की सा उतरून बरोबर मंद्र पंचमावर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प वर बसतो. अर्ध्या वेगाने फिरवली तर मंद्र षड्जावर, म्हणजे खालच्या सा वर. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी चुकून तेहतीसवर लावली की जवळपास पाऊण वेगच होतो. या अल्बमचा बराचसा मुक्काम त्याच पट्टीच्या आसपास आहे, निदान माझ्या कानाला तरी.

आणि ही पट्टी माझ्या चांगल्या ओळखीची आहे. आमचं गाव चोपडा तालुक्यात. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या घरात, सकाळपासून लाईट नाही. आमच्या नानांकडे चार सेलांचा टेप होता. सेल उतरले की नाना ते काढून धाब्यावर उन्हात ठेवायचे, खाली पोतं, त्यावर ओळीने चार सेल. तिनाच्या सुमाराला मला वर पाठवायचे. सेल इतके तापलेले असायचे की सदऱ्याच्या ओच्यात घेऊन यावं लागे. ते घातले की टेप वीस-पंचवीस मिनिटं नीट वाजे, मग गाणारीचा आवाज जड व्हायला लागे. नाना बंद करत नसत. खाटेवर डोळे मिटून ऐकत राहायचे, पार चाक थांबेपर्यंत. ओसरीत ओल्या पोत्यांचा वास, बाहेर एक चिटपाखरू नाही, आणि तो घसरत जाणारा आवाज. ‘लिसा फ्रँक’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जळगावात रिंग रोडवर गाडीत होतो. गाडी बाजूला घेऊन थांबलो.

आता तक्रार. पहिली चार गाणी एका दमात ऐकवतात. पहिलं शादे या ब्रिटिश बँडच्या ‘टार बेबी’वरचं, दुसरं हे, तिसरं आणि चौथं पेजेस नावाच्या अमेरिकन बँडच्या गाण्यांवरचं. त्यानंतर अल्बमचा पाय घसरतो. जपानी नावांचे अर्थ काढले तर ग्रंथालय, भूगोल, गणित असं शाळेचं वेळापत्रकच निघतं, आणि भूगोलापासून पुढे मलाही तासाला बसल्यासारखंच वाटलं. आवाज गेला, शब्द गेले, नुसते सिंथेसायझरचे पट्टे. एक सुरू होतं आणि कुठेही न जाता संपतं, दुसरं संपायचं नाव घेत नाही. चाळीस मिनिटांच्या आसपासचा अल्बम, त्यातली निम्मी मिनिटं माझ्या मते भरतीची आहेत.

तुम्हाला काय वाटतं? ऐकलेल्यांनी लिहा. न ऐकलेल्यांनी आधी ऐका, हेडफोन लावून.

केळीबाग_रावेर

वाचतोय. सेल उन्हात ठेवायचं वाचून घर आठवलं. आमचे आबा दाताने चावायचे सेल. रात्री ऐकून लिहितो.

भुसावळ_यार्ड

तापीकाठ भाऊ, लेख आवडला, पण एक दुरुस्ती करतो. मी २२ वर्षं टेप दुरुस्त केले, अजूनही महिन्याला दोन-चार येतात. सेल संपत आले की आवाज एका पट्टीवर थांबत नाही. तो घसरतो. मोटर दम धरते, परत सोडते, त्यामुळे सूर हेलकावे खातो. बेल्ट सैल पडला की वेगळा हेलकावा, टेप ओढणाऱ्या पिंच रोलरचं रबर गुळगुळीत झालं की त्याहून वेगळा. मी नुसता ऐकून सांगायचो काय गेलंय ते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर बेल्टचा चिकट डांबरासारखा लगदा व्हायचा. पुलीवरून तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढायला अर्धा तास लागे आणि बोटं दोन दिवस काळी राहत.

तुमच्या सांगण्यावरून ‘लिसा फ्रँक’ तीनदा ऐकलं. त्यात वेग उतरवलाय, पण उतरवून खिळा ठोकून ठेवलाय. संगणकाचं काम. नानांच्या टेपसारखा तो मरत नाही. म्हणून तुम्हाला जे आठवलं ते तुमचं तुम्ही आणलंय, अल्बमने दिलेलं नाही, असं माझं मत.

एक जागा मात्र खरी टेपसारखी आहे. गाणं मध्येच एका शब्दावर अडकतं आणि तेवढाच घास पुन्हा पुन्हा चावतं. कॅसेटची पट्टी रोलरला गुंडाळायच्या आधी अगदी असंच होतं. माझा हात आपोआप बंद करायच्या बटणाकडे गेला.

तापीकाठ

यार्ड दादा, घसरणं आणि थांबून राहणं हा फरक मी केलाच नव्हता. तुम्ही म्हणता तसा तो आवाज मरत नाही. कदाचित म्हणूनच मी तो इतक्या वेळा ऐकू शकलो. नानांच्या टेपमध्ये शेवट ठरलेला असायचा. इथे तीन वाजून वीस मिनिटांची दुपार तशीच धरून ठेवलीय, सेल संपतच नाहीत. आठवण मी आणली हे कबूल. पण ती बसायला जागा त्या गाण्यात होती, इतर कुठल्या गाण्यात मला ती मिळाली नव्हती.

बँडगाडी

जिभाऊ, राम राम. सगळास्ले समजाले पाहिजे म्हनीसन मराठीमा लिखस.

मी लग्नाच्या बँडमध्ये १४ वर्षं कीबोर्ड वाजवतो. धुळे, साक्री, शिरपूर, सगळीकडे. तुमचा धागा वाचून पूर्ण अल्बम ऐकला आणि मला राग आला, तो लिहितो. आम्हीही दुसऱ्याचीच गाणी वाजवतो. पण हाताने वाजवतो. नवीन अहिराणी गाणं आलं की तीन रात्री बसून बसवतो, वरातीत चार-चार तास उभ्याने वाजवतो, नवरदेवाच्या मामाने फर्माईश केली की त्याच क्षणी पट्टी बदलतो. आणि गाणं कोणाचं ते समोरच्या प्रत्येकाला माहीत असतं. इथे डायना रॉस गायली, तिच्यामागे वादकांनी वाजवलं, आणि या मुलीने वेगाचा काटा मागे ओढला. कव्हरवर नाव मॅकिंटॉश प्लस. डायना रॉस कुठेय? यात तिची मेहनत कोणती, हे मला कोणीतरी समजावून सांगा. खरंच विचारतोय.

तापीकाठ

बँडगाडी भाऊ, नावाच्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने. म्हणून वर मी मूळ गाण्यांची नावं मुद्दाम लिहिली, आणि इथे कोणीही हा अल्बम दुसऱ्याला ऐकवला तर सोबत मूळ गाणंही ऐकवावं अशी माझी विनंती आहे. दोन्ही ऐकल्याशिवाय तिने काय केलं ते कळतही नाही.

मेहनतीबद्दल मात्र थोडं भांडतो. मी काल ‘इट्स युवर मूव्ह’ घेऊन स्वतः वेग उतरवून पाहिला. दहा मिनिटांचं काम. ऐकलं, तर नुसतं सुस्त गाणं झालं. अंगावर काही आलं नाही. मग दोन्ही शेजारी ठेवून ऐकले. तिने वाक्य पुरं होऊच दिलेलं नाही. तुकडा कापलाय तो शब्द संपायच्या जरा आधी, आणि पुढचा तुकडा आलाय तो तालाच्या भलत्याच जागेवर. तिहाई, म्हणजे तीनदा येणारा बोल, सुरू व्हावी आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, यायच्या क्षणाला परत तिहाईचंच तोंड यावं तसं. तुम्ही तालातले आहात, मुंडी समेला हलायला तयार होते आणि तशीच राहते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर जाणवेल. कुठे कापायचं हे कळणं हेच तिचं वाजवणं.

शिवाय संथ करण्याची युक्ती तिची एकटीची नाही, हेही सांगायला हवं. ह्यूस्टनमध्ये डीजे स्क्रू नव्वदच्या दशकात टर्नटेबलवर रॅप गाणी संथ करून, कापून, कॅसेटवर उतरवून विकायचा. २०१० मध्ये डॅनियल लोपाटिनने चक पर्सन या नावाने ‘एकोजॅम्स’ काढला, त्यात जुन्या पॉप गाण्यांचे तुकडे असेच फिरत राहतात. ती त्याच वाटेवरून पुढे आली.

बँडगाडी

समेचं समजलं. परत ऐकलं, आणि मुंडी अडकली हे खरं. पण एका गाण्यात अडकली. बाकीच्यात नाही. नावाचा मुद्दा मी सोडत नाही.

ओसरी_शहादा

नमस्कार. मी या धाग्यावरच्या बहुतेकांपेक्षा लहान असेन. घरात टेप होता, पण त्यावर फडकं टाकून फोटो ठेवलेला असायचा. चालू स्थितीत मी तो कधी पाहिला नाही. म्हणजे तापीकाठ दादांनी लिहिलेला पूल माझ्याकडे नाहीच. तरी हा अल्बम मला आवडतो, आणि नेमका तुम्ही भरती म्हणालात तोच भाग जास्त आवडतो.

मी नोकरीसाठी शनिवार-रविवार शहादा आणि जळगाव अशी ये-जा करते. रात्रीची बस. दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव. बसमधले दिवे विझलेले, खिडकीची काच वाजते, आणि दर पाऊण तासाने एक बसस्थानक. रात्री दीडला एखाद्या स्थानकावर बस थांबते तेव्हा सगळा उजेड चालू असतो आणि माणूस एखाद-दुसरं. उपाहारगृहाचं शटर बंद, पण आतला फ्रीज घुमतोय. चौकशीच्या खिडकीत कोणी नाही, पण ट्यूबलाईट फडफडतेय. त्या दहा मिनिटांत ‘गणित’ वाजू द्या. त्यात शब्द नाहीत म्हणूनच ते तिथे बसतं. मला कोणी काही सांगत नाही, काही विकत नाही. हॉटेलच्या लॉबीतलं ते गुळगुळीत संगीत अशा ठिकाणी वाजतं जिथून सगळे निघून गेलेत.

पहिली चार गाणी मला उलट जरा मोठ्याने बोलणाऱ्या पाहुण्यांसारखी वाटतात. चांगली आहेत, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे असतं.

मात्र एकदम शेवटचे तुकडे मलाही जोडकाम वाटतात. तिथे मी तुमच्याशी सहमत आहे.

केळीबाग_रावेर

ऐकला. खरं सांगतो, मला झोप लागली. पण चांगली झोप लागली. ओसरी ताईंचं बसस्थानकाचं वाचून अंगावर काटा आला, तो मात्र अल्बमने नाही आला.

बोरीकाठ

अमळनेरहून लिहितोय. व्हेपरवेव्ह हा शब्द मी आज पहिल्यांदा वाचला, त्यामुळे गाण्यांबद्दल बोलत नाही. संगणकाच्या नावावरून एक आठवलं ते सांगतो.

आमच्या घरात धान्य ठेवायचे जे डबे होते ते वनस्पती तुपाचे रिकामे डबे. आमच्या गावातल्याच कारखान्याचे. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, १९४५ साली अमळनेरात सुरू झालेली. पुढे तिचंच विप्रो झालं आणि ऐंशीच्या दशकात ती संगणक बनवायला लागली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गावात तूप आणि साबणाचा तो वास किती जणांच्या लहानपणात आहे! नंतर कॉलेजात पहिल्यांदा संगणकाच्या खोलीत गेलो. चपला बाहेर काढायला लावायच्या, आत एसी. पांढरट पेटी, हिरवी अक्षरं, आणि पेटीवर आमच्या डाळीच्या डब्याचं नाव. मला वाटलं हे यंत्र आपल्या घरचंच आहे. सरांनी विचारलं, हसतोस का, तर मला सांगता आलं नाही.

त्या मुलीने जुन्या संगणकाचं नाव स्वतःला का घेतलं असेल ते मला यामुळे थोडं उमगलं असं वाटतं. ती यंत्रं आपल्याशी मोठ्या गोष्टी बोलायची. आता ती पेटी कुठल्या भंगारात गेली कोणास ठाऊक. डबा अजून आहे, त्यात तूरडाळ आहे.

तापीकाठ

बोरीकाठ आप्पा, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला.

या प्रकाराबद्दल इंग्रजीत जे लिहिलं जातं त्यात मॉल फार येतो. रिकामा मॉल, बंद कारंजं, मॉलचा घुमणारा स्पीकर. अशाच संगीताला तिकडे मॉलसॉफ्ट असं वेगळं नाव आहे. मी वाचायचो आणि मनात म्हणायचो, आपल्याकडे त्या काळात मॉल कुठे होता? माझ्या डोळ्यांपुढे येतं ते जळगावचं गोलाणी मार्केट, रविवारी दुपारी. मधल्या मोकळ्या चौकात उभं राहिलं की वर मजल्यावर मजले, सगळीकडे ओढलेली शटरं, आणि कुठल्यातरी वरच्या गाळ्यात कोणी स्पीकर तपासतोय. एकच ओळ लावतो, बंद करतो, परत लावतो. ती ओळ जिन्यांतून फिरून खाली येईपर्यंत तिचे शब्द गळलेले असतात, फक्त सूर उरतो. आता डाळीचा डबाही त्याच्या शेजारी जाऊन बसला.

ओसरी ताई, तुमचं ऐकून परवा एक केलं. रात्री साडेबाराला फिरत फिरत जळगाव स्टेशनवर गेलो, प्लॅटफॉर्म तिकीट काढलं आणि बाकावर बसून भूगोलापासून पुढचं ऐकलं. वर बोर्डावर गाड्यांची नावं सरकत होती, एक मालगाडी थांबल्याशिवाय निघून गेली, आणि ‘गणित’ चालू होतं. मी चुकलो होतो. निदान त्या एका गाण्याबाबत. घरी पंख्याखाली बसून ऐकताना त्यात काही घडत नाही असं वाटायचं. तिथे कळलं की घडायचं ते आजूबाजूला घडतं, गाणं फक्त थंड फरशीसारखं खाली पसरलेलं असतं.

‘भूगोल’ मात्र स्टेशनवरही उठलं नाही. आणि शेवटचे तुकडे अजूनही मला अर्धवट सोडलेले वाटतात. तिच्याकडे अजून एक ‘लिसा फ्रँक’ असतं आणि ते तिने शेवटी ठेवलं असतं तर या अल्बमला तोड नसती. आहे तो असा आहे: दोन उत्तम जागा, दोन चांगल्या, बाकी त्या त्या वेळेवर अवलंबून.

ओसरी_शहादा

‘गणित’ पटलं, मग मी ‘भूगोल’ सोडून देते :)

भुसावळ_यार्ड

मला एक सुचतंय. माझ्याकडे कोऱ्या कॅसेट आहेत, सीलबंद. सी-नव्वद घेतली तर अख्खा अल्बम एकाच बाजूला बसेल, पण तसं करू नये. सी-साठ घेतो. ए बाजूला पहिली चार, बी बाजूला बाकीची. तापीकाठ भाऊंची ए, ओसरी ताईंची बी. कॅसेट उलटी करताना जी अर्धा मिनिट शांतता लागते ती या अल्बमला हवी आहे असं मला ऐकताना सारखं वाटत होतं. तिथे गाडी रूळ बदलते आणि त्याची सूचनाच मिळत नाही.

ए बाजू संपल्यावर जागा उरेल. बँडगाडी भाऊ, तिथे मूळ ‘इट्स युवर मूव्ह’ पूर्ण वेगात भरतो. कॅसेटच्या कागदावर डायना रॉसचं नाव मी स्वतः पेनाने लिहीन.

बँडगाडी

हाई बराबर शे, दादा. मी येस.

तापीकाठ

मीही येतो. पुढच्या रविवारी दुपारी चालेल? चार सेलांचा नानांचा टेप अजून घरात आहे, बेल्ट गेलाय.

भुसावळ_यार्ड

चालेल. टेप शनिवारीच पाठवा, बेल्ट बसवून ठेवतो. सेल नवे आणू नका. उतरलेले आणा, माझ्या दुकानाचा पत्रा अकरापासून तापतो.